शाफ्टकडे तोंड

दादा झोपताना पाय दाराकडे करायचा. वहिनीला ते अजिबात खपत नसे. दाराकडे पाय मेलेल्या माणसाचे असतात, असं ती भांडी घासता घासता ऐकू जाईल इतपत पुटपुटायची आणि दादा ऐकू न आल्यासारखं करून चादर ओढून घ्यायचा. डोळा उघडला की समोर दार दिसलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं. ही सवय खाणीची होती. घरात तिचं काही काम नव्हतं, तरी ती सुटत नव्हती.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अलीकडे, जंगलाला लागून. सत्तर साल उलटून गेल्यावर केव्हातरी दादा मँगनीजच्या खाणीत लागला. खाणीचं नाव सांगत नाही. मला आता कोणाशी भांडायचं नाही. आधी त्यानं टोपल्या उचलल्या, मग छताला लाकडी टेकू लावायचं काम केलं, आणि शेवटी तिसऱ्या पातळीवर पंप खलाशी झाला. पातळी म्हणजे जमिनीखालचा मजला. तिसरी सगळ्यांत खालची, त्यामुळे खाणीतलं सगळं पाणी तिथल्या एका खड्ड्यात येऊन जमायचं. ते पंपानं वर फेकत राहायचं, हे त्याचं काम. पंपाच्या आवाजावरून त्याला पाणी किती उरलं ते कळतं, असं लोक कौतुकानं सांगत. मी एकदा विचारलं तर म्हणाला, "काई कळत नाई. वाकून पायतो."

वर यायची वाट एकच. शाफ्ट, म्हणजे ती उभी खोल विहीर, जिच्यातून लोखंडी डोली माणसं घेऊन खाली-वर करते. आणि आमच्या खाणीत एक नियम होता, जो कुठल्याही फलकावर लिहिलेला नव्हता. खाली जे काही टांगाल किंवा ठेवाल, त्याचं तोंड शाफ्टकडे पाहिजे. पेटीची कडी शाफ्टकडे, चहाच्या किटलीची चोच शाफ्टकडे, भिंतीला टेकवलेल्या फावड्याचा दांडासुद्धा तिकडेच कललेला. डोक्यावरचा दिवा विझला तर माणसानं भिंत चाचपायची, हाताला पहिली जी वस्तू लागेल तिचं तोंड कुठे आहे ते बघायचं आणि त्या अंगाला चालू लागायचं. नव्या माणसाला काम शिकवण्याआधी हे शिकवत. कोणी किटली उलटी ठेवली तर त्याच्या आईबापाचा उद्धार होई आणि त्यात कोणाला वावगं वाटत नसे.

दादा एकदा याच नियमानं वाचला होता. दिवा गेला, बरोबरचा माणूस पुढे निघून गेलेला. त्याला भिंतीशी एक औजारांची पेटी लागली. कडी चाचपली आणि तो तिच्या बाजूनं चालत बाहेर आला. ही गोष्ट तो फारशी सांगत नसे, पण घरातली पेटी, कंदील, पाण्याची घागरसुद्धा दाराकडे तोंड करून ठेवायचा. आम्ही हसायचो. घागरीला तोंड वरच असतं हे मी त्याला सांगून पाहिलं, तर तो म्हणाला, "मंग गडू तिकडं ठेव."

मी त्याच्यापेक्षा बराच लहान. त्यानं मला भंडाऱ्याला आयटीआयला घातलं, स्वतःच्या कमाईवर. खाणीत उतरायचं नाही, ही त्याची एकच अट होती. पुढे मी त्याच खाणीच्या वरच्या वर्कशॉपमध्ये विजेच्या कामाला लागलो. गावातल्या लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचो, त्यामुळे सोल्डरिंगचा हात बरा होता. एवढ्या भांडवलावर मला सगळे इंजिनीअर समजत आणि मीही फार आढेवेढे घेत नसे.

ऐंशीनंतरच्या एका पावसाळ्यात तिसऱ्या पातळीवर पाणी एकाएकी चढलं. माणसं कमरेइतक्या पाण्यातून शाफ्टपर्यंत आली. कोणी गेलं नाही, पण मॅनेजर साहेबांची झोप उडाली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळ्यांना बोलावून सरळ सांगितलं, "खाली पाणी किती आहे, हे मला वर बसून कळलं पाहिजे. पुढच्या पावसाळ्यात ती सोय बिनचूक चालली तर तिसरी पातळी चालू राहील. नाही तर मी पंप काढून घेतो आणि पाणी भरू देतो."

पंप काढले म्हणजे खलाशी गेले. बाकीच्या माणसांना दुसऱ्या पातळीवर घेता आलं असतं, पण तिथे पंप नव्हते आणि दादाची छाती आता टोपल्या उचलण्याजोगी राहिली नव्हती. त्या संध्याकाळी तो जेवताना म्हणाला, "खाल्तं मी कामाचा मानूस आहो. वरतं मले कोन इचारते?" नंतर माझ्याकडे बघून म्हणाला, "तू बनव. तुले येते."

मी बनवलं. कल्पना साधी होती. खाली पाण्यावर तरंगणारा गोळा आणि त्याच्याजवळ एक यंत्र. वर शाफ्टच्या तोंडाशी पंप ऑफिसात एक पाटी आणि तिच्यावर लाल दिवा. वरची पाटी तारेवरून विचारणार, पाणी ठरवलेल्या खुणेच्या वर गेलं का, आणि खालचं यंत्र त्याच तारेवरून उत्तर देणार. एकाच तारेवर दोघांचं बोलणं, एकामागून एक ठोके. तार गप्प असताना तिच्यावर पाच व्होल्ट असत. ज्याला बोलायचं असेल, तो तिला खाली, शून्याकडे ओढायचा. पण शाफ्ट खोल, केबल लांब. एवढ्या अंतरात ठोके विरून जात. म्हणून केबलच्या दोन टोकांना दोन डबे बसवायचे ठरले, ज्यांना बफर म्हणतात. इकडचा क्षीण झालेला ठोका घ्यायचा आणि तिकडे ताजा करून द्यायचा, दोन्ही दिशांनी.

डबे नागपूरच्या एका माणसाकडून करून आणले. लोखंडी, पुढे कडीचं दार, पुढच्या अंगाला तारा जोडायचे दोन खिळे, पाठीच्या अंगाला दोन. कोणती बाजू कुठे जोडायची, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "दोन्हीकडून सारखाच आहे. कसाही जोडा, भाऊ." त्यानं एकेक डबा तपासला होता आणि एकेकटा डबा खरंच कसाही चालत होता.

वर्कशॉपच्या टेबलावर मी सगळं मांडलं. दोन्ही डबे एका रांगेत, दोन्हींची दारं डावीकडे. मध्ये केबलचं अख्खं भेंडोळं. बादलीत गोळा बुडवला, वर उचलला, लाल दिवा लागला. परत केलं, परत लागला. मॅनेजर साहेबांनी स्वतः बादलीत हात घालून बघितलं. दादा दारात उभा होता. जाताना त्यानं ऑफिसच्या शिपायाला विनाकारण सांगितलं, "माह्या भावानं बनवलं."

डबे टांगायचं काम दादानं मागून घेतलं. खालचा त्यानं गॅलरीत, म्हणजे खालच्या आडव्या बोगद्यात, पाण्याच्या खड्ड्याच्या अलीकडे टांगला. वरचा, पंप ऑफिसच्या भिंतीवर. मी जोडणी करायला खाली गेलो, तेव्हा डबा भिंतीवर नीट समतल बसलेला होता, कडीचं दार शाफ्टकडे. केबल शाफ्टमधूनच येत होती, म्हणून ती दाराकडच्या खिळ्यांना जोडली. वर आलो, तर तिथेही दार शाफ्टकडे, म्हणून केबल तिथेही दाराच्याच बाजूला. मला ते खटकलं नाही. आमच्याकडच्या कोणालाही खटकलं नसतं. उलटं टांगलेलं दिसलं असतं, तर मीच ओरडलो असतो.

पहिल्या दिवशी दिवा लागला. दुसऱ्या दिवशीही सकाळी लागला. दुपारी गोळा हातानं उचलून बघितला, तर लागला नाही. संध्याकाळी वीज बंद करून परत चालू केली आणि लगेच लागला. तिथून माझे हाल सुरू झाले. डबे थंड असले की काम चालायचं, तापले की बंद पडायचं, एवढं कळत होतं, पण का ते कळत नव्हतं. मी जोड बदलले, केबल बदलली, डब्यांच्या फटी मेणानं बुजवल्या. खाली ओल आहे, ओलीमुळे होत असेल, असं सगळे म्हणायचे आणि मलाही तेच पटायचं, कारण खाली ओल होतीच. डबे सोडवून वर टेबलावर आणले की ते दिवसभर बिनतक्रार चालत. परत खाली टांगले की दुपारपर्यंत मुके. दादा प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त काळजीनं टांगायचा. एकदा त्यानं भिंतीचा दगड फोडून डबा थोडा तिरपा बसवला, म्हणजे दार अगदी सरळ शाफ्टच्या रेषेत येईल.

पाऊस लागला तो नेहमीसारखाच. बांध्यांमध्ये धानाची रोवणी चालू होती आणि लोक खूष होते. एका दुपारी खाली पाणी खुणेच्या वर गेलं आणि वर दिवा लागला नाही. दादा वाकून बघतच होता, म्हणून कळलं. पुढच्या वेळी साहेब स्वतः पाटीसमोर बसलेले होते. खालून माणूस धापा टाकत वर आला आणि म्हणाला, पाणी गुडघ्याला लागलं. साहेबांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा काळा होता. त्यांनी खुर्ची मागे सारली, उठले आणि दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता माझा नाइलाज आहे."

मी त्यांच्या मागे धावलो, आणखी काही दिवस मागितले. टेबलावर चालतं हो साहेब, असं मी बोललो. ते म्हणाले, "माणसं टेबलावर काम करत नाहीत." तेव्हा मला त्यांचा संताप आला होता. आज त्यांचा येत नाही. आज संताप येतो, पण कोणाचा ते सांगता येत नाही.

पंप वर आणले, रूळ उखडले, केबल गुंडाळली. शेवटच्या पंपाबरोबर दादा डोलीतून वर आला. उजेडात त्याचे डोळे बारीक झाले होते. पंप थांबल्यावर पाणी आपसूक चढत गेलं आणि दुसऱ्या पातळीच्या खाली येऊन थांबलं. दादाला खाणीनं कामावरून कमी केलं. त्याच्या कामाचं वर काही नव्हतं, हे त्यानं आधीच सांगितलं होतं.

काही आठवडे गेले. दादा आपला कमरेचा पट्टा आणि डोक्यावरचा दिवा जमा करायला आला आणि मग माझ्या टेबलाशी येऊन बसला. मी पुन्हा ते सगळं मांडून बसलेलो होतो. आता त्याचा काही उपयोग नव्हता, पण मला चैन पडत नव्हती. सकाळपासून चालू असल्यानं डबे चांगले तापले होते. मी गोळा उचलला, दिवा लागला.

"चालून राहिलं न," दादा म्हणाला.

"इथं चालते. खाली काहून नोहतं चालत, हेच कळत नाही."

तो डब्यांवर वाकला. मग म्हणाला, "पन खाल्तं असे नोहते हे." त्यानं चहाचा रिकामा कप उचलून टेबलाच्या मध्ये ठेवला. "हा शाफ्ट." मग एक डबा कपाच्या इकडे, एक तिकडे, दोन्हींची दारं कपाकडे. "असे होते."

मी हसलो. म्हटलं, त्यानं काय फरक पडतो. पण त्याचं मन राखायला तारा सोडवून तशा जोडल्या. गोळा उचलला. दिवा लागला नाही.

मी परत उचलला. नाहीच. मी मीटर घेतलं आणि दोन डब्यांच्या मधल्या तारेला लावलं. एक डबा तारेला खाली ओढत होता, पण शून्यापर्यंत नाही. अर्ध्या व्होल्टाच्या थोडं वर येऊन थांबत होता. पाठीच्या बाजूला मोजलं, तर तिथे पुरता शून्य. तेव्हा माझ्या डोक्यात हळूहळू उजाडलं. डब्याला दोन्हीकडून ऐकायचं आणि दोन्हीकडे बोलायचं असतं. आपलाच आवाज परत ऐकून तो गोंधळू नये, म्हणून दाराच्या बाजूला तो मुद्दाम हळू बोलत होता, म्हणजे तार अर्धवटच ओढत होता, आणि त्या बाजूनं फक्त मोठा आवाज तेवढा ऐकत होता. हळू बोलणं आलं की समजायचा, हे माझंच आहे, आणि सोडून द्यायचा. पाठीची बाजू साधी, तिला सगळं ऐकू येई. एकाच्या दाराला दुसऱ्याची पाठ जोडली, तर सगळं सुरळीत. पण दाराला दार जोडलं की दोघंही कुजबुजणार आणि कुजबूज दोघांनाही ऐकू येणार नाही. थंड असताना जेमतेम निभायचं, तापलं की संपलं.

मी एक डबा फिरवला. दिवा लागला. परत पहिल्यासारखा केला. विझला. फिरवला. लागला. इतक्या महिन्यांची कोंडी फुटली होती आणि मला, खरं सांगतो, आनंद झाला होता. मी दादाला भराभरा सगळं समजावलं. त्याला व्होल्ट कळत नव्हते, पण डबा फिरवला की दिवा लागतो, हे त्याला दिसत होतं.

"म्हंजे एक उलटा टांगाचा होता," तो म्हणाला.

"हो. एकच."

"शाफ्टकडं पाठ करून?"

"हो."

त्यानं मान हलवली. "मंग तं तो खाल्चा डबा मी कईच तसा टांगलो नसतो. कोनी सांगतलं असतं तरी नसतो टांगलो." हे म्हणताना त्याचा चेहरा जरा सैल झाला. जे झालं ते व्हायचंच होतं, दुसरं काही करता आलं नसतं, असं त्याला वाटलं असावं.

मी अजून त्याच भरात होतो. बोलून गेलो, "खालचाच कायले? वरचा फिरवला असता तरी चाललं असतं. वर तं उजेड आहे. तिथं तोंड कुठंही असलं तरी काय बिघडते."

वरचा डबा दादानं पंप ऑफिसच्या भिंतीवर, खिडकीशेजारी टांगला होता. तिथे दिवा विझून वाट चुकणारं कोणी नव्हतं. त्यानं टेबलावरचा कप उचलला, खिडकीत ठेवला आणि घरी निघून गेला.

मी डबे तसेच टाकून मॅनेजर साहेबांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले, ते बरोबर विचारले. शेवटी म्हणाले, "पाणी छताला लागलं. पंप दुसऱ्या खाणीवर गेले. आता ती पातळी उपसायची परवानगी कोणाकडे मागू? एका डब्याचं तोंड चुकलं होतं, असं सांगून?" मी उभाच होतो. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला. मला तो पिववला नाही.

पुढे मी तसले डबे कुठे कुठे वापरले. एक जोडी तुमसरच्या एका राइस मिलमध्ये बरीच वर्षं चालली, दाराला पाठ जोडून. मी दोन्ही डब्यांवर लाल रंगानं खुणा करून दिल्या होत्या, म्हणजे चूक होणार नाही. असल्या दोन ठिपक्यांनी एक अख्खी पातळी वाचली असती, हे मनातून जात नव्हतं आणि आजही जात नाही. लोक म्हणतात, शिकायला मिळालं. मला हे शिक्षण नको होतं.

दादा घरीच असे. चुलत्यांच्या बांधीवर कधी राखण करायला जायचा, कधी नाही. बोलणं कमी झालं. एकदा बाजाराच्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो, तर वहिनी अंगणातच भेटली. तिनं हळू आवाजात सांगितलं, "भाऊजी, तुमीच सांगा आता त्याइले. खाट फिरवली. भिंतीकडं तोंड करून निजतेत. मी सरळ करतो, ते अखीन फिरवतेत."

इतकी वर्षं जी त्या दाराकडच्या पायांवर कुरकुर करत होती, तीच आता ते परत तिकडे व्हावेत म्हणून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी आत गेलो. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता, जागा होता. घरातला कंदील, पेटी, गडू, सगळं कसंही ठेवलेलं होतं. मी खाटेच्या काठावर बसलो आणि म्हटलं, "दादा, दार दिसत नाही असं निजल्यावर. तुले चैन पडते का?"

तो वळला नाही.

"काय करतं दिसून," तो म्हणाला. "वरतं तं उजेडच आहे न."